काल्पनिक संख्यांचा खरा इंजिनिअर

इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच एक छोटा धक्का बसतो. मॅथ्सच्या तासाला उणे एकच्या वर्गमूळाला आय म्हणतात आणि पुढच्याच तासाला सर्किटचे सर फळ्यावर जे लिहून मोकळे होतात. का, तर आय हे अक्षर करंटने आधीच अडवून ठेवलंय. एवढ्यावर समाधान मानून आपण पुढे जातो. रेझिस्टन्स आडव्या अक्षावर, रिॲक्टन्स उभ्या अक्षावर, मध्ये एक तिरकी रेघ, तिची लांबी आणि तिचा कोन. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली की उत्तर हजर. पण गणितवाल्यांचा हा आलेख इंजिनिअर लोकांच्या हातात नेऊन कोणी दिला, हे आपल्या टेक्स्टबुकात कुठेच लिहिलेलं नाही. फार तर एखाद्या चॅप्टरच्या तळाशी एक जुना फोटो असतो: ठेंगणा, पाठीला कुबड, दाढी, तोंडात सिगार. त्या फोटोतल्या माणसाविषयी हा लेख आहे.

त्याचं जन्माचं नाव कार्ल आउगुस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. जन्म ९ एप्रिल १८६५, गाव ब्रेस्लाऊ. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. वडील रेल्वेत लिथोग्राफर होते. पाठीचं कुबड त्याच्या आजोबांना होतं, वडिलांना होतं आणि तेच त्याच्याकडे आलं. शिवाय कमरेच्या सांध्यात दोष. मोठा झाल्यावरही त्याची उंची चार फुटांच्या थोडी वर राहिली. तो एक वर्षाचा असताना आई गेली. आजीने वाढवला, आणि आजीने वाढवलेल्या मुलांचे जसे लाड होतात तसे त्याचेही झाले असणार.

ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात त्याने गणिताबरोबर फिजिक्स, केमिस्ट्री, ॲस्ट्रॉनॉमी असं जे मिळेल ते घेतलं. तिथल्या पोरांनी त्याला प्रोटियस हे टोपणनाव दिलं. प्रोटियस म्हणजे ग्रीक कथांमधला समुद्रातला म्हातारा. हातात सापडला तर हवी ती रूपं घेऊन निसटू बघतो, पण घट्ट धरून ठेवला तर जगातलं सगळं ज्ञान सांगतो. हॉस्टेलमध्ये नावं कशी पडतात हे आपल्याला माहीत आहे. बहुतेक नावं आपण डिग्रीबरोबर इथेच टाकून जातो. याने मात्र ते जन्मभर जपलं. अमेरिकेत गेल्यावर त्याने कार्लचं चार्ल्स केलं आणि मधली दोन्ही नावं काढून तिथे प्रोटियस लिहिलं. चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. जगाला तो याच नावाने माहीत आहे.

अमेरिकेत तो हौसेने गेला नाही. बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांविरुद्ध कायदा केला होता. स्टाइनमेट्झ विद्यार्थ्यांच्या समाजवादी गटात होता, त्यांच्या वर्तमानपत्राचं संपादनही करत होता. पोलीस मागे लागले. १८८८ मध्ये पीएचडीचा प्रबंध जवळजवळ हातावेगळा झालेला असताना त्याला गाव सोडावं लागलं. डिग्री राहिली ती राहिलीच. तो झुरिकला पोहोचला, तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस मेकॅनिकल शिकला, आणि १८८९ मध्ये आस्मुसेन नावाच्या डॅनिश मित्राबरोबर बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून न्यूयॉर्कला उतरला. खिशात पैसे नाहीत, इंग्लिश येत नाही, आणि शरीर असं. बंदरावरचे अधिकारी त्याला परत पाठवायला निघाले होते आणि आस्मुसेनने याची जबाबदारी माझी असं सांगितल्यावरच त्याला आत घेतलं, अशी हकीकत त्याच्या सगळ्या चरित्रांमध्ये येते. त्या दिवशी मित्र रांगेत दोन माणसं मागे असता तर आपल्या सिलॅबसचं काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात हमखास येतो.

न्यूयॉर्कजवळ याँकर्स गावात रुडॉल्फ आयकेमायर नावाच्या कारखानदाराकडे त्याला ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. आठवड्याला १२ डॉलर. आयकेमायर स्वतः १८४८ च्या जर्मन क्रांतीनंतर देश सोडून आलेला. मूळ धंदा टोप्या बनवायच्या यंत्रांचा, पण आता विजेच्या मोटर्समध्ये शिरलेला. त्याच्या मोटर्सचं लोखंड तापायचं. ते सगळ्यांच्याच मोटर्सचं तापायचं. मशीन बांधून, चालवून, हात लावून बघितल्याशिवाय ते किती तापणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लोखंडाचं चुंबकत्व सेकंदात कित्येक वेळा उलटसुलट होतं आणि प्रत्येक फेरीला थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हाच आपला हिस्टेरिसिस लॉस. स्टाइनमेट्झने वेगवेगळे नमुने घेऊन मोजमापं केली, आकडे मांडले, आणि १८९२ मध्ये नियम जाहीर केला: हा लॉस फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १.६ का, याचं थिअरीतून आलेलं कारण त्याच्याकडे नव्हतं. आकडे तसं म्हणत होते, बस्स. मला हे फार आवडलं. आपण प्रॅक्टिकलला आधी थिअरीची व्हॅल्यू बघतो आणि मग रीडिंग तिच्या जवळ आणून बसवतो. त्याने रीडिंग आधी ठेवली. आजही ट्रान्सफॉर्मरच्या कोअर लॉसला स्टाइनमेट्झचं समीकरण वापरतात, फक्त घाताचा आकडा त्या त्या मटेरियलप्रमाणे बदलतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

माझं शाळेचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्यासाठी या संख्या नेहमी कॉम्प्लेक्सच होत्या. मराठी मिडियमच्या रूममेटकडून संमिश्र संख्या हा शब्द कळला आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटला. कॉम्प्लेक्स म्हटलं की अवघड असं डोक्यात बसतं. संमिश्र म्हणजे नुसतं दोन गोष्टींचं मिश्रण: एक भाग वास्तव, एक भाग काल्पनिक. काल्पनिक हे नाव मात्र फसवंच आहे. १६३७ मध्ये देकार्तने ते वापरलं तेव्हा त्यात थोडी हेटाळणी होती, आणि नाव चिकटलं. पुढची दीडशे वर्षं लोक या संख्या वापरत होते, पण त्या असतात कुठे हे दाखवता येत नव्हतं.

ते दाखवलं कास्पर वेसेलने. हा नॉर्वेत जन्मलेला, डेन्मार्कमध्ये नोकरी करणारा सर्व्हेअर. जमीन मोजणाऱ्या माणसाला लांबी आणि दिशा या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. त्याने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीसमोर निबंध वाचला: वास्तव भाग आडव्या रेषेवर घ्या, काल्पनिक भाग उभ्या रेषेवर, म्हणजे प्रत्येक संमिश्र संख्या कागदावरचा एक बिंदू होते. निबंध डॅनिशमध्ये होता, जवळजवळ शंभर वर्षं तो कुणी पाहिलाच नाही. दरम्यान १८०६ मध्ये पॅरिसला आर्गांने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, म्हणून आपण आर्गां डायग्राम म्हणतो. मग १८३१ मध्ये गाउस बोलला आणि गाउस बोलल्यावर प्रश्नच मिटला. सिव्हिलच्या मित्रांनी यावर कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण पहिला मान सर्व्हेअरचाच.

या आलेखातली खरी जादू गुणाकारात आहे. दोन संख्यांचा गुणाकार केला की लांब्या एकमेकींनी गुणल्या जातात आणि कोनांची बेरीज होते. म्हणून आयने गुणणं म्हणजे ९० अंशांनी वळवणं. दोनदा वळलात तर १८० अंश, म्हणजे तोंड बरोबर उलट, म्हणजे उणे एक. उणे एकच्या वर्गमूळात यापेक्षा जास्त गूढ काही नाही.

आता १८९० च्या आसपासच्या विजेच्या धंद्यात या. एडिसनची डीसी दूर जात नव्हती. एसी दूर जात होती, पण तिचा हिशोब करणं जिवावर येत होतं. व्होल्टेज साइन वेव्ह, करंटही साइन वेव्ह, पण एक पुढे आणि एक मागे. कॉइल आली की करंट मागे पडतो, कपॅसिटर आला की पुढे जातो. प्रत्येक सर्किटसाठी डिफरन्शियल इक्वेशन सोडवा, नाहीतर ड्रॉइंग बोर्डवर पट्टी आणि कोनमापक घेऊन बाण काढत बसा. दहा-बारा भागांचं सर्किट असेल तर दिवस गेला.

स्टाइनमेट्झच्या लक्षात आलं ते असं. सर्किटमधल्या सगळ्या वेव्ह एकाच फ्रिक्वेन्सीने धावतात. मग धावणं सगळ्यांना सारखंच आहे, ते हिशोबातून बाजूला ठेवा. उरतं काय? प्रत्येक वेव्हची उंची आणि ती किती मागे-पुढे आहे तो कोन. लांबी आणि कोन, म्हणजे वेसेलच्या कागदावरचा एक बिंदू! साइन वेव्ह डिफरन्शिएट केली की तिची उंची बदलते आणि ती ९० अंश पुढे सरकते. म्हणजे डिफरन्शिएट करणं हे जे आणि कोनीय फ्रिक्वेन्सीने गुणण्याइतकं सोपं झालं. कॅल्क्युलसच्या जागी शाळेतली बेरीज-गुणाकार आले.

उदाहरण घ्यायचं तर लॅबमधली एक कॉइल घ्या. रेझिस्टन्स ३० ओहम, ५० हर्ट्झला रिॲक्टन्स ४० ओहम. इम्पीडन्स झाला ३० + जे ४०. आलेखावर ३० उजवीकडे जा, ४० वर जा, बिंदू ठेवा. शून्यापासून त्याचं अंतर ५०, कोन सुमारे ५३ अंश. २३० व्होल्ट दिले तर करंट २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर, आणि तो व्होल्टेजच्या ५३ अंश मागे. पॉवर फॅक्टर ३० भागिले ५०, म्हणजे ०.६. संपलं. यात वेव्ह काढावी लागली नाही, टाइमचा टी लिहावा लागला नाही. याच कॉइलला पुढे कपॅसिटर जोडला तर उभ्या अक्षावर बिंदू खाली सरकतो, आणि तो कपॅसिटर बरोबर ४० ओहमचा असेल तर आडव्या अक्षावर येऊन बसतो. रेझोनन्स! हे डोळ्यांना दिसतं, पाठ करावं लागत नाही.

हे त्याने १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रिकल काँग्रेसमध्ये मांडलं. त्याच वेळी शिकागोत जागतिक प्रदर्शन चालू होतं आणि ते वेस्टिंगहाउसच्या एसीने उजळलेलं होतं. म्हणजे बाहेर लाखो दिवे एसीवर जळत होते आणि आत सभागृहात त्या एसीचा हिशोब कसा करायचा हे पहिल्यांदा नीट सांगितलं जात होतं. आधी मशीन, मग गणित. इंजिनिअरिंगमध्ये असं बरेचदा होतं.

इथे एका दुसऱ्या माणसाला न्याय द्यायला हवा. त्याच वर्षी, शिकागोच्या चार महिने आधी, एप्रिल १८९३ मध्ये आर्थर केनेली नावाच्या इंजिनिअरने इम्पीडन्सवर पेपर वाचला होता आणि त्यातही इम्पीडन्सला संमिश्र संख्या मानलेलं होतं. हा केनेली तेव्हा एडिसनकडे काम करायचा, आणि त्याचा जन्म कुठला म्हणाल तर आपल्या मुंबईचा, कुलाब्याचा, १८६१ सालचा. इम्पीडन्स हा शब्द त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, ऑलिव्हर हेविसाइडने तयार केला होता. मग स्टाइनमेट्झचंच नाव का घ्यायचं? माझ्या मते एवढ्यासाठी की केनेलीने एक दार दाखवलं, तर स्टाइनमेट्झने त्या दारातून सगळ्यांना आत नेऊन बसवलं. इम्पीडन्सच नव्हे, ट्रान्सफॉर्मर, मोटर, लाइन, सगळं त्याने या भाषेत लिहून काढलं.

आणि हे सोपं गेलं नाही. तेव्हाच्या इंजिनिअर लोकांना संमिश्र संख्या शिकवलेल्याच नसत. त्याचे पेपर फार थोड्यांना कळत. यावर रागावून बसण्याऐवजी त्याने पुस्तकं लिहिली. १८९७ मध्ये एसीवरचं मोठं पुस्तक आलं. त्यात तो जे ज्या पद्धतीने आणतो ते पाहण्यासारखं आहे. आधी जे म्हणजे फक्त एक खूण, हा भाग उभ्या अक्षावरचा आहे एवढं सांगणारी. मग तो दाखवतो की या खुणेने गुणणं म्हणजे बाण काटकोनात वळवणं. आणि मग अगदी शेवटी, दोनदा वळवलं तर उणे होतं, म्हणून जेचा वर्ग उणे एक. उणे एकचं वर्गमूळ तो दारातच उभं करत नाही, माणूस आत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर ओळख करून देतो. चिकित्सक वाचकांसाठी एक गंमत: त्याच्या सुरुवातीच्या लिखाणात इम्पीडन्स आर उणे जेएक्स असा आहे, आजच्या बरोबर उलट. दिशा कुठली धरायची हे संकेताने ठरतं, उत्तर तेच येतं. लायब्ररीत जुनं पुस्तक हाती लागलं तर घाबरू नका.

याँकर्सची फर्म दरम्यान नव्याने स्थापन झालेल्या जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली आणि तिच्याबरोबर स्टाइनमेट्झही तिकडे गेला. १८९४ पासून शेवटपर्यंत तो न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावात राहिला. १९०१-०२ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. युनियन कॉलेजने त्याला इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट उभं करायला बोलावलं आणि १९०३ मध्ये मानद पीएचडी दिली. ब्रेस्लाऊला राहून गेलेली डिग्री अशी पंधरा वर्षांनी आली.

त्याने लग्न केलं नाही. आजोबा, वडील आणि आपण, ही रांग इथेच थांबावी असं त्याने ठरवलं होतं. हे वाचताना मला थांबावं लागलं. कारण हा माणूस एकलकोंडा मुळीच नव्हता. लॅबमधला त्याचा तरुण सहकारी जोसेफ हेडन याचं लग्न झाल्यावर त्याने नवराबायकोला आपल्या मोठ्या घरात राहायला बोलावलं आणि पुढे हेडनला कायदेशीर दत्तक घेतलं. हेडनला तीन मुलं झाली आणि स्टाइनमेट्झ आजोबा झाला. घरात काचेचं ग्रीनहाउस, त्यात निवडुंग आणि ऑर्किड. तळ्यात मगरी. मुलांना तो विजेचे प्रयोग करून दाखवायचा आणि गोष्टी सांगायचा. रक्ताचं नातं न जोडता त्याने घर भरून टाकलं.

समाजवाद त्याने सोडला नाही, हे कोडं मला अजून पूर्ण सुटलेलं नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा सगळ्यात हुशार नोकर, आणि तो उघड समाजवादी! १९११ मध्ये गावात समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळावर गेला आणि त्याचा अध्यक्ष झाला. मुलांना फुकट पुस्तकं, शाळेत नर्स, आणि बाहेरून आलेल्या, मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग, या त्याच्या कामाच्या गोष्टी. १९२२ मध्ये त्याने रशियाच्या विद्युतीकरणाला मदत देऊ करणारं पत्र लेनिनला पाठवलं, आणि लेनिनने उत्तरही दिलं. कंपनीने हे सगळं चालवून घेतलं. त्याचं कारण तत्त्व होतं की पेटंट, हे तुम्ही ठरवा. त्याच्या नावावर जवळजवळ दोनशे पेटंट होती.

त्याच्याबद्दलच्या दंतकथा मात्र जपून घ्याव्यात. कंपनीत धूम्रपानबंदी झाली तेव्हा तो सिगारसकट घरी बसला आणि नियमच मागे घ्यावा लागला, ही एक. हेन्री फोर्डच्या कारखान्यात बंद पडलेल्या जनरेटरवर खडूने एक खूण केली आणि दहा हजार डॉलरचं बिल लावलं, ही दुसरी, जी फॉरवर्ड होऊन आपल्या सगळ्यांकडे आलेली आहे, दर वेळी वेगळ्या इंजिनिअरच्या नावाने. तिचा धड पुरावा नाही. आइन्स्टाइनबरोबरचा त्याचा १९२१ चा फोटो खरा आहे, पण अर्धाच. मूळ फोटोत बरीच माणसं ओळीत उभी होती. बाकीच्यांना पुसून फक्त दोघंच ठेवलेला फोटो कंपनीने जाहिरातीसाठी वापरला.

आता आलेखाची मर्यादा. संमिश्र आलेखावर फक्त सतत, एकसारखी चालणारी साइन वेव्ह बसते. स्विच टाकल्याचा पहिला क्षण तिथे बसत नाही, आणि आकाशातली वीज तर मुळीच नाही. ती येते, जाळते, जाते. स्टाइनमेट्झला हे पक्कं माहीत होतं. १९०९ मध्ये त्याने अशा क्षणिक घटनांवर, म्हणजे आपल्या ट्रान्झिएंट्सवर, वेगळं पुस्तक लिहिलं. मग १९२० मध्ये मोहॉक नदीकाठच्या त्याच्या लाकडी झोपडीवरच वीज कोसळली. आरसा फुटून तुकडे झाले. दुसरा कुणी असता तर झाडून काढले असते. याने ते गोळा करून दोन काचांमध्ये जुळवून बसवले आणि वीज कुठून कुठे गेली ते वाचलं. दोन वर्षांत त्याने लॅबमध्ये स्वतःची वीज तयार केली, १,२०,००० व्होल्टची. लाकडाचे ओंडके तिने फुटत, पोर्सिलेनच्या इन्सुलेटरच्या ठिकऱ्या उडत. वयोवृद्ध एडिसन १९२२ मध्ये ते बघायला आला. लाइनवरचे अरेस्टर सुधारायला या प्रयोगांचा उपयोग झाला.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो हेडन कुटुंबाबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा लांबचा प्रवास करून परतला. थकला होता. २६ तारखेच्या सकाळी हृदय बंद पडून तो गेला. वय ५८.

ती नदीकाठची झोपडी पुढे हेन्री फोर्डने उचलून मिशिगनमध्ये आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेली, आणि ती तिथेच आहे. पण मला त्याचा सगळ्यात आवडलेला फोटो झोपडीतला नाही, नदीतला आहे. उन्हाळ्यात तो कनू घेऊन पाण्यात जायचा, तिच्यावर आडव्या फळ्या टाकायचा, त्यांच्यावर कागद आणि लॉग टेबल. त्याचं शरीर खुर्चीत नीट बसत नसे, ऑफिसमध्येही तो स्टुलावर गुडघे टेकून काम करायचा. कनूतही तसाच गुडघ्यांवर. वल्हं बाजूला, तोंडात सिगार, आणि नाव हळूहळू प्रवाहाबरोबर कुठेतरी चाललेली.